तिघी एकदम आडव्या : ‘द गोल्डन गर्ल्स’मधला फ्लूचा भाग

मधुमालती

‘द गोल्डन गर्ल्स’ या जुन्या अमेरिकन विनोदी मालिकेबद्दल बोलणं निघालं की गाडी हमखास चीजकेक, ब्लांशचे मित्र आणि सोफियाचे टोमणे इथेच फिरते. मला त्यातल्या एकाच भागाबद्दल बोलायचंय, म्हणून हा वेगळा धागा. पहिल्या सीझनचा एकविसावा भाग, नाव ‘द फ्लू’. एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर १ मार्च १९८६ला, शनिवारी रात्री, तो पहिल्यांदा दाखवला गेला. खाली शेवटही सांगितला आहे, तेव्हा आधी बघायचा असेल त्यांनी बघूनच पुढे वाचा.

मालिका माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. मायामीतलं घर ब्लांशचं. ती विधवा, अमेरिकेच्या दक्षिणेतली, तोऱ्यात वाढलेली. तिने सुपरमार्केटच्या फळ्यावर चिठ्ठी लावली आणि रोज व डोरोथी राहायला आल्या. रोज विधवा, मिनेसोटातल्या सेंट ओलाफ नावाच्या काल्पनिक गावातली, भाबडी. डोरोथी ब्रुकलिनची, अडतीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याने सोडलेली, बदली शिक्षिका. चौथी सोफिया, डोरोथीची आई, ऐंशीच्या घरातली. तिच्या वृद्धाश्रमाला आग लागली म्हणून ती लेकीकडे आली आणि तिथलीच झाली.

या भागात एका धर्मादाय संस्थेचा मेजवानीचा समारंभ तोंडावर आलेला असतो. तिघी तिथे स्वयंसेविका. वर्षातल्या सर्वोत्तम कामाचा पुरस्कार आपल्यालाच मिळणार अशी प्रत्येकीची मनातून खात्री. आणि नेमक्या त्याच वेळी तिघींना फ्लू होतो, एकीपाठोपाठ एक. धडधाकट राहते ती एकटी सोफिया. मग ताप, खोकला, चिडचिड, एकमेकींची नक्कोशी झालेली सोबत, भांडण. शेवटी समारंभात पुरस्कार जाहीर होतो तो सोफियाला.

एवढंच कथानक. पण मला हा भाग त्या मालिकेतल्या सगळ्यात खऱ्या भागांपैकी वाटतो, आणि त्याचं कारण सांगायचा प्रयत्न करते.

आपल्याकडे घरातलं आजारपण निभावतं ते एका न बोललेल्या गृहीतकावर : घरातलं कुणीतरी एक उभं राहणारच. ती आई असते, सून असते, क्वचित मोठी मुलगी. तिला स्वतःला कणकण असली तरी ती उठते, कुकर लावते, मऊ भात टाकते आणि सगळ्यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळते. घरचे तिला ‘तू पड जरा’ असं म्हणतात, आणि भाताची वाटही बघत असतात.

मायामीच्या त्या घरात हे पद कुणाकडेच नाही. तिघी बरोबरीच्या. प्रत्येकीने आपापल्या घरात वर्षानुवर्षं उभं राहण्याचं काम केलेलं आहे, नवऱ्याची, मुलांची आजारपणं काढलेली आहेत. आता तिघी एकाच वेळी आडव्या पडल्या तर कुणी कुणाला पाणी आणून द्यायचं? प्रत्येकीला हवं असतं की आज माझं कुणीतरी करावं, आणि ते करू शकणाऱ्या दोघीही तापाने फणफणलेल्या. त्या एकमेकींवर खेकसतात त्याच्या मुळाशी मला हे दिसतं.

लेखकांनी इथे सोपी वाट घेतली नाही याचं मला फार कौतुक आहे. आजारपणात मैत्री उजळून निघते, उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवल्या जातात असं दाखवणं सहज जमलं असतं. त्याऐवजी त्यांनी तीन शहाण्यासुरत्या बायकांना क्षुद्र होऊ दिलं. ताप असताना माणूस क्षुद्र होतोच. आणि तेवढं होऊनही त्या घरातून कुणी सामान बांधून निघून जात नाही. ज्या तिघींना एकमेकींशी बांधणारं ना रक्ताचं नातं आहे ना लग्नाचं, त्यांच्याबाबतीत ही मोठी गोष्ट आहे.

सोफियाच्या पुरस्काराबद्दल मला काय वाटतं ते नंतर लिहीन, आधी तुमचं ऐकायचंय. तुम्हाला हा भाग कसा वाटला? आणि उतारवयात मित्रमैत्रिणींनी एकत्र राहावं असं आपण सगळेच गप्पांमध्ये म्हणतो, त्यात आजारपणाचा हिशेब कुणी करतं का?


सातपुडा

छान विषय. एक भर घालतो. सोफियाचं काम करणाऱ्या एस्टेल गेटीचा जन्म जुलै १९२३चा, आणि तिच्या लेकीचं काम करणाऱ्या बी आर्थरचा मे १९२२चा. म्हणजे आई लेकीहून वर्षभराने लहान! विग आणि रंगभूषेच्या जोरावर गेटीने सात सीझन म्हातारी उभी केली. फ्लूच्या भागात तिघींपेक्षा तीच जास्त चपळ वाटते, त्याला हेही एक कारण असेल का असं मला नेहमी वाटतं.


रानजाई

मधुमालती, मांडणी पटली, पण पुरस्काराला तुम्ही नुसतं निमित्त केलंत. माझ्या मते भागाचा गाभा तोच आहे.

या तिघींकडे बघा. ब्लांश आणि रोज विधवा, डोरोथी घटस्फोटित. मुलं मोठी होऊन आपापल्या गावी. ज्या कामासाठी जग त्यांना ओळखत होतं ते काम संपलेलं. अमेरिकेत या वयाच्या बायका मोठ्या संख्येने स्वयंसेवेकडे वळतात : रुग्णालयात, चर्चमध्ये, वाचनालयात. तिथे तुमच्या कामाची कुणी दखल घेतं, वर्षातून एकदा मंचावर बोलावतं. चाळीस वर्षं स्वयंपाक करून कुणी मंचावर बोलावलेलं नसतं. त्यामुळे तो पुरस्कार तिघींना इतका हवासा वाटणं मला मुळीच हास्यास्पद वाटत नाही.

आणि फ्लूने नेमकं काय केलं? निरोगी असताना तिघी ही इच्छा छान लपवून होत्या. ‘अगं, तुलाच मिळेल’ असं एकमेकींना म्हणू शकत होत्या. तापाने ते सभ्यपणाचं आवरण गळालं. सोफियाच्या तोंडाला आवर का नाही याचं कारण पहिल्याच भागात दिलंय : पक्षाघाताच्या झटक्यात मेंदूचा तो आवर घालणारा भागच गेला. या भागात फ्लूने तिघींना दोनचार दिवस सोफिया करून टाकलं.


गवती_चहा

मी फॅमिली डॉक्टर आहे, त्यामुळे हा भाग बघताना हसूही आलं आणि हात शिवशिवलेही.

पहिली गोष्ट, एकीपाठोपाठ तिघी पडतात हे अगदी बरोबर दाखवलंय. फ्लूचा रुग्ण लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच विषाणू पसरवू लागतो आणि लक्षणं सुरू झाल्यावर साधारण पाच ते सात दिवस पसरवत राहतो. एक स्वयंपाकघर, एक जेवणाचं टेबल आणि रात्रीबेरात्री चीजकेकभोवती बसायची सवय असलेल्या घरात पहिली शिंकेपर्यंत दुसरीला लागण झालेली असू शकते.

दुसरं, सोफिया वाचते हे विनोदासाठी ठीक, पण आयुष्यात सगळ्यात जास्त काळजी तिचीच करावी लागली असती. ऐंशीच्या घरातली, पक्षाघात होऊन गेलेली बाई. पासष्टीच्या पुढे फ्लूतून न्यूमोनिया होण्याचा आणि रुग्णालय गाठावं लागण्याचा धोका वाढतो. शिवाय वयस्कर माणसाला ताप फारसा चढतही नाही. नुसती गळून गेल्यासारखी दिसते, जेवत नाही, बोलण्यात गोंधळ होतो. घरचे समजतात की वयामुळे असेल. माझ्याकडे असे रुग्ण उशिरा येतात.

तिसरं, काळाचं भान. १९८६ साली आजच्यासारखं ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध नव्हतं, ते अमेरिकेत १९९९ला मंजूर झालं. अमँटाडीन होतं, पण फक्त ए प्रकारच्या फ्लूवर चालणारं. लस होती आणि वयस्करांनी दरवर्षी घ्यावी असा सल्लाही होता, पण मेडिकेअरने, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याने, तिचा खर्च द्यायला सुरुवात केली ती १९९३ मध्ये. म्हणजे या बायकांच्या पिढीसाठी फ्लू म्हणजे अंथरूण, गरम सूप आणि वाट बघणं, एवढंच होतं.

इथल्या साठीपुढच्या सगळ्यांना हात जोडून सांगते, आपापल्या डॉक्टरांना फ्लूच्या लशीबद्दल विचारा. दरवर्षी विषाणू बदलतो, म्हणून लसही दरवर्षी घ्यायची असते. आणि एकत्र राहणाऱ्यांनी शक्यतो सगळ्यांनी मिळून घ्यावी, म्हणजे मायामीसारखी पाळी येण्याची शक्यता कमी होते.


पाणपोई

विनोदी मालिकेतला अर्ध्या तासाचा भाग आहे हो. हशा आला, संपलं. त्यात एवढं शोधायचं का?


मधुमालती

पाणपोई, शोधायचंच, कारण तो हशा कशावर येतोय ते बघण्यासारखं आहे. या मालिकेआधी अमेरिकन टीव्हीवर पन्नाशीपुढच्या बाईचं आजारपण यायचं ते बहुतेक कुणाच्या तरी आईचं किंवा आजीचं म्हणून. इथे आजारी बायकाच गोष्टीच्या मध्यभागी आहेत. त्यांना बघायला येणारा मुलगा किंवा नवरा हा गोष्टीचा नायक नाही.

गवती_चहा, सोफियाच्या धोक्याबद्दलचं वाचून मी भाग पुन्हा लावला. तुमचं म्हणणं डोक्यात ठेवून बघितलं की तीन आजारी बायकांमध्ये निवांत वावरणारी ती म्हातारी बघताना जीव थोडा वरखाली होतो.

रानजाई, तुमचा मुद्दा मान्य. आता सोफियाबद्दल. तिला पुरस्कार मिळतो तेव्हा सगळे धक्का बसल्यासारखं हसतात, पण ते बक्षीस मला उपरं वाटत नाही. तिघी आपापल्या कामाची मनात बेरीज करत होत्या, आणि सोफियाने कसलाच गाजावाजा केला नव्हता. घरात जी सगळ्यात मोठी, जिची इतरांनी काळजी घ्यायची असं सगळे धरून चालतात, तीच बाहेर सगळ्यात उपयोगी पडत होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. म्हाताऱ्या माणसाला घरचे किती कमी ओळखतात हे त्या एका घोषणेत आलं.


ओहायोकर

मी तीसेक वर्षं इथे अमेरिकेत आहे. आमच्या मराठी मंडळातल्या ज्या जोडप्यांबरोबर दिवाळ्या केल्या, त्यांतले काही जण आता एकेकटे उरलेत. मोठ्या घरात एकटा माणूस, मुलं कॅलिफोर्नियात नाहीतर टेक्ससमध्ये. एकत्र राहण्याच्या गप्पा आमच्याकडेही होतात, आणि त्यात प्रवास, पत्ते, स्वयंपाकाच्या पाळ्या असं सगळं ठरतं. आजारपणाच्या पाळ्या कुणी ठरवत नाही. मधुमालतींचा प्रश्न म्हणूनच मला लागला.

इथली अडचण फार साधी असते : गाडी कोण चालवणार? उपनगरात औषधाच्या दुकानापर्यंत चालत जाता येत नाही. तिघं एकदम तापाने पडले तर साधं खोकल्याचं औषध आणायला कुणी नाही. शेजारी चांगले असतात, दाराशी सूपचं भांडं ठेवून जातात, पण त्यांना सांगावं लागतं. आपल्या पिढीला सांगायची लाज वाटते. ‘कशाला त्रास’ म्हणून लोक दोन दिवस काही न खाता पडून राहतात.

आम्ही काही जणांनी यावर एक साधी रीत पाडली. रोज सकाळी गटावर प्रत्येकाने एक शब्द टाकायचा. दहापर्यंत कुणाचा आला नाही की जवळच्याने फोन करायचा, फोन उचलला नाही तर दार वाजवायचं. एकाची किल्ली दुसऱ्याकडे ठेवलेली आहे. यात भावनिक काही नाही, पण एका थंडीत याचाच उपयोग झाला.

डोरोथीबद्दल एक. बदली शिक्षिकेला बोलावणं आलं तरच त्या दिवसाचा पगार मिळतो. ती आजारी पडली की त्या दिवसाचे पैसे गेले. मालिका यावर फार थांबत नाही, पण तिची चिडचिड बघताना हे माझ्या मनात असतं.


उंबरठा

फ्लूच्या भागावर बोलताय तर त्याच्या शेजारी ‘सिक अँड टायर्ड’ ठेवून बघा. पाचव्या सीझनची सुरुवात, दोन भाग, सप्टेंबर १९८९. मी त्याबद्दल सविस्तर लिहिते कारण मला स्वतःला दीर्घ थकव्याचा आजार आहे आणि तो भाग माझ्यासाठी नुसती मालिका नाही.

डोरोथीला महिनोन् महिने थकवा आहे. हात उचलवत नाही, बोलताना शब्द सापडत नाहीत. ती एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाते, न्यूयॉर्कपर्यंत जाते. प्रत्येक जण तपासण्या करतो, सगळं ठीक आहे म्हणतो. वय झालं, एकटेपणा असेल, जरा मन रमवा. डोरोथी, म्हणजे त्या घरातली सगळ्यात खंबीर बाई, हळूहळू स्वतःवरच शंका घ्यायला लागते. शेवटी एक डॉक्टर सांगतात की हा खरा आजार आहे आणि त्याला नाव आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ ही व्याख्या केली ती १९८८ मध्ये, म्हणजे प्रक्षेपणाच्या फक्त एक वर्ष आधी. लेखन मालिकेची निर्माती सुझन हॅरिस हिचं. ती स्वतः आजारी होती आणि डॉक्टरांनी तिला असंच उडवून लावलं होतं, त्यातून तिने हे लिहिलं.

आजाराला नाव मिळाल्यावर डोरोथी मैत्रिणींना घेऊन जेवायला जाते. बरी होणार म्हणून नव्हे, खोटी ठरली नाही म्हणून. आणि त्याच हॉटेलात तिला तो न्यूयॉर्कचा डॉक्टर दिसतो. ती उठून त्याच्या टेबलाशी जाते आणि शांतपणे त्याला सगळं ऐकवते. मला त्या प्रसंगाचा एकेक शब्द पाठ आहे.

आता फ्लूच्या भागाकडे या. फ्लू सगळ्यांना दिसतो. नाक लाल, आवाज बसलेला, ताप मोजता येतो. तिघींपैकी कुणाला कुणाला पटवावं लागत नाही की मी आजारी आहे. म्हणून तर त्यांना भांडायची चैन परवडते! डोरोथीच्या थकव्यात भांडण नाही, कारण तिथे विश्वास हीच पहिली गरज आहे. आणि रोज, सोफिया, ब्लांश तिच्यावर विश्वास ठेवतात. डॉक्टर ठेवत नाहीत, घर ठेवतं. एकत्र राहण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो : तुम्ही काल कशा होतात हे बघणारं कुणीतरी घरात असतं.

तक्रार एकच. पुढच्या भागांमध्ये तो आजार जवळपास विसरला जातो. असा आजार दोन भागांत संपत नाही.


गवती_चहा

उंबरठा, आमच्या शिक्षणात या आजाराला फार थोडी जागा होती. तुम्ही लिहिलंत ते आमच्या डॉक्टरांच्या गटात वाचून दाखवायची परवानगी द्याल का?


उंबरठा

जरूर. नाव न घेता वाचलंत तरी चालेल.


काजवा

पुण्यातून. मी वकील आहे, आणि हा धागा वाचताना मला माझ्याकडे येणाऱ्या मैत्रिणींच्या जोड्या आठवल्या. इथे ज्येष्ठांची संकुलं आता बरीच आहेत, पण काही जणी संकुलात न जाता आपापसात एक सदनिका घेऊन राहायचं ठरवतात. घराचे कागद नीट केलेले असतात. आजारपणाचे मात्र काहीच नसतात.

शेवटच्या सीझनमधला, १९९२चा, रोजला हृदयविकाराचा झटका येतो तो दोन भागांचा प्रसंग आठवा. मुलगी येते, आणि आता आईचं पुढे काय करायचं यावरून ती आणि मैत्रिणी समोरासमोर येतात. कोण जवळचं, मुलगी की रोजच्या रोज बरोबर राहणाऱ्या? आपल्या रुग्णालयांतही पहिला प्रश्न ‘पेशंटच्या तुम्ही कोण?’ हाच असतो, आणि ‘मैत्रीण’ या उत्तरावर समोरचा माणूस थबकतो.

दोन गोष्टी सांगते. लोक मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. पण आपल्या कायद्यात मुखत्यारपत्र देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की ते साधारणपणे संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी उपयोगाचं राहत नाही. दुसरं, बरं होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवणारं वैद्यकीय इच्छापत्र. सर्वोच्च न्यायालयाने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येतं, आणि आपल्या वतीने कुणाशी बोलायचं त्यांची नावं त्यात लिहिता येतात. एकापेक्षा जास्त नावं चालतात.

फ्लूसाठी हे लागत नाही. पण फ्लूच्या वेळीच हा विषय काढा असं मी म्हणते, कारण तेव्हा ‘असं अभद्र काय बोलतेस’ म्हणून कुणी तोडून टाकत नाही.


सातपुडा

काजवा, वैद्यकीय इच्छापत्राची प्रत कुणाकुणाकडे द्यायची असते?


काजवा

त्यात ज्यांची नावं आहेत त्यांच्याकडे, आणि फॅमिली डॉक्टर असतील तर त्यांच्याकडेही. महापालिकेने किंवा स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे एक प्रत द्यायची, ही तरतूद आहे. तुमच्या शहरात नेमणूक झाली आहे का ते विचारून घ्या. घरात ती कपाटातल्या लॉकरमध्ये ठेवू नका. रात्री दोनला लॉकर कुणाला सापडत नाही.


रानजाई

पाणपोई, तुम्ही अजून वाचत असाल तर ‘द हार्ट अटॅक’ बघाच. पहिल्याच सीझनमधला दहावा भाग, नोव्हेंबर १९८५. घरी मेजवानी झालेली, सोफियाच्या छातीत दुखायला लागतं, बाहेर वादळ, मदत लवकर येऊ शकत नाही. अखेर निघतो पित्ताशयाचा त्रास. पण ती वेळ सरेपर्यंत डोरोथीचा चेहरा बघा. मालिका सुरू होऊन तीन महिने झाले नव्हते आणि त्यांनी आईच्या मरणाची भीती विनोदी मालिकेत आणून ठेवली होती.


पाणपोई

वाचतोय. फ्लूचा भाग परवा आईबरोबर पुन्हा पाहिला. आई पंचाहत्तरीची, इंग्रजी तिला बेताचं कळतं, तरी सोफियाचं नाव पुकारलं तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. वरचा माझा प्रतिसाद घाईचा होता. आईला आणखी दाखवायचे आहेत, कोणत्या क्रमाने दाखवू?


मधुमालती

काकूंना नमस्कार सांगा. ‘द हार्ट अटॅक’ आधी दाखवा, पण पित्ताशयाचं आधीच सांगून टाका, म्हणजे त्या घाबरणार नाहीत. मग पहिल्या सीझनचा शेवटचा भाग, ‘द वे वी मेट’, तिघी एकमेकींना कशा भेटल्या तो. ‘सिक अँड टायर्ड’चे दोन्ही भाग एकाच बैठकीत बघा, मध्ये तोडू नका. फेब्रुवारी १९९०चा ‘७२ अवर्स’ही दाखवा. त्यात रोजला एचआयव्हीची तपासणी करावी लागते आणि निकालाची वाट बघण्यात भाग जातो. तो बघताना संवाद थांबवून मराठीत सांगावे लागतील, कारण त्यातलं ब्लांशचं बोलणं काकूंनी ऐकायलाच हवं.